गाडी रेस का घेत नाही?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



महिनाभरापूर्वी संयोजकांचा फोन आला, "तुला वीस मिनिटे बोलायचे आहे." मी म्हटले, "अरे, आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, पुण्याला मोठ्या हुद्द्यावर गेलेली माणसे आहेत. गॅरेजवाल्याने काय बोलायचे?" तिकडून उत्तर आले, "तू रोज करतोस तेच सांग. आमची पिकअप चालता चालता रेस घेणे बंद करते, तीन ठिकाणी दाखवली, तिचे काय ते तरी कळेल." म्हणजे माझा विषय मी निवडलेला नाही, गिऱ्हाइकाने दिलेला आहे. सरांनी आणि बाईंनी सांभाळून घ्यावे.

आपल्या यावल, रावेर, चोपडा भागात पिकअप म्हणजे काय हे इथे वेगळे सांगायला नको. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी केळी आहे. मृगबाग असो की कांदेबाग, घड कापला की घड्याळ सुरू झाले. शेतातून माल उचलायचा, मोठ्या ट्रकपाशी किंवा पिकवणीच्या चेंबरपर्यंत पोहोचवायचा, आणि तोही वेळेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी दीड टन माल भरलेली गाडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मध्येच थंड पडली, तर तो बिघाड एकट्या गाडीचा राहत नाही. शेतकरी, व्यापारी, मजूर, ड्रायव्हर, सगळे त्यात येतात. म्हणून मला येणाऱ्या फोनमधले ठरलेले वाक्य असते, "भो, गाडी चालू आहे, पण रेस घेत नाही."

आता हे वाक्य नीट ऐका. गाडी चालू आहे. इंजिन बंद पडलेले नाही. डिझेल आहे, बॅटरी आहे. पाय खाली जातो, पण इंजिन तसेच गुरगुरत राहते. आपल्या लहानपणी हा आजार फार सोपा होता. काळी-पिवळी जीप आठवते ना? पायाखालच्या एक्सिलेटरपासून डिझेल पंपापर्यंत एक तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची, पंपाचा दांडा फिरायचा, डिझेल जास्त जायचे. तार तुटली तर ड्रायव्हर पंपाच्या दांड्याला सुतळी बांधायचा, ती खिडकीतून आत घ्यायचा आणि हाताने रेस देत गाडी घरी आणायचा. यात्रेहून येताना अशा जीपमध्ये बसलेले दोघेतिघे मला इथे दिसत आहेत.

आजच्या पिकअपमध्ये ही तारच नाही. पायाखाली जे पेडल आहे ते कशालाही ओढत नाही. ते फक्त सांगते. पाय किती दाबला हे विजेच्या भाषेत इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे आम्ही ज्याला ईसीएम म्हणतो त्याला, कळवते. पुढे किती डिझेल सोडायचे, कधी सोडायचे, हे ईसीएम ठरवतो. पाय म्हणजे आता हुकूम राहिला नाही, अर्ज झाला आहे. मंजूर करायचा की नाही, ते साहेब ठरवणार.

असे का केले, हा प्रश्न मला खूपदा विचारला जातो. "जुनेच बरे होते" हे वाक्य तर रोजचे. कारण सरळ आहे. धूर कमी करायचा तर डिझेलचा प्रत्येक थेंब मोजून द्यावा लागतो, आणि तारेला मोजता येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. ती बंधने पाळायची तर पायाने थेट पंप ओढून चालत नाही. आपल्या मुलांच्या छातीत कमी धूर जावा म्हणून ही तार गेली. एवढे लक्षात घेतले की नव्या गाडीवरचा राग थोडा कमी होतो.

आता पेडल सांगते कसे, ते पाहू. इथे मला आपली प्रयोगशाळा आठवते. लाकडी पाटावर बसवलेला तो सरकता रिओस्टॅट. सर त्याचा खटका पुढे-मागे करायचे आणि बल्ब कमीजास्त व्हायचा. पेडलच्या आत तसलाच, पण बोटाच्या पेराएवढा प्रकार असतो. एका टोकाला ईसीएम ५ व्होल्ट देतो, दुसऱ्या टोकाला अर्थिंग असते, आणि मध्ये सरकणारा खटका पेडलबरोबर हलतो. पाय वर असताना खटक्यावर थोडे व्होल्टेज, पाय दाबला की जास्त. हल्लीच्या बऱ्याच पेडलमध्ये घासणारा खटका नसतो, चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल नावाच्या माणसाने विद्यार्थी असताना १८७९ साली शोधलेली ती गोष्ट. घासत नाही म्हणून झिजत नाही. पण निरोप देण्याची रीत तीच, व्होल्टेजची.

आणि इथे या यंत्राची खरी गंमत आहे. पेडलमध्ये असा सेन्सर एक नसतो, दोन असतात. दोघांचे ५ व्होल्ट वेगळे, दोघांची अर्थिंग वेगळी, दोघांचे सिग्नल वेगळे. म्हणून बऱ्याच गाड्यांत पेडलच्या कपलरमध्ये सहा वायरी दिसतात. शिवाय दोघे एकच आकडा सांगत नाहीत. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या निम्मा असतो. पहिला म्हणाला ०.७२, तर दुसऱ्याने ०.३६ म्हणायला हवे. पहिला ३ म्हणाला, तर दुसऱ्याने दीड. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, ते कंपनीच्या पुस्तकात पाहायचे, पण तत्त्व हेच. पंचायतीत दोन साक्षीदार वेगवेगळे बसवून विचारतात तसे.

दोन कशाला? समजा एकच असता आणि त्याची वायर ५ व्होल्टच्या वायरला चिकटली असती, तर ईसीएमला वाटले असते की पाय पूर्ण दाबला आहे. गाडी आपोआप सुसाट. बाजाराच्या दिवशी यावलच्या रस्त्यावर असे झाले तर काय होईल, याचा विचार करा. दोन साक्षीदार असले की एकाची खोटी साक्ष लगेच उघडी पडते. दोघांचे जुळेना की ईसीएम हात आखडता घेतो. चेक लाइट लावतो, कोड लिहून ठेवतो आणि इंजिनला बेताची रेस देतो किंवा देतच नाही. काही गाड्यांत इंजिन ठरावीक थोड्या वाढीव फेऱ्यांवर धरून ठेवले जाते, म्हणजे गाडी रांगत का होईना रस्त्याच्या कडेला आणता येते. तेव्हा रेस न घेणारी गाडी अनेकदा आपले कामच करत असते. तिला खात्री नाही, म्हणून ती पुढे जात नाही.

आता एक प्रकरण सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची, मालक कोण, हे सांगत नाही, त्याची गरजही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याकडची एक पिकअप. केळीची वाहतूक. तक्रार अशी की रिकामी गाडी दिवसभर ठीक चालते, माल भरला आणि चढ किंवा खराब रस्ता आला की रेस जाते. चावी बंद करून पुन्हा चालू केली की कधी येते, कधी येत नाही. माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे दोनदा पेडल बदलले होते. दोन्ही वेळा गाडी आठ-दहा दिवस छान चालली आणि पुन्हा तेच. मालक वैतागला होता. दोन वेळा माल उशिरा पोहोचला, व्यापाऱ्याने भाव पाडला. पेडलचे पैसे गेले ते वेगळेच. आणि शेवटी सगळे आले ड्रायव्हरवर. जवळच्या पाड्यावरचा तरुण पोरगा, दोन लेकरांचा बाप. "दोनदा नवीन सामान टाकले, तरी गाडी थांबते, म्हणजे तूच कुठेतरी झोपतोस आणि नाव गाडीचे सांगतोस," असे त्याला ऐकावे लागले. पगारातून पैसे कापले गेले. गाडी घेऊन तोच आला होता. कोपऱ्यात उभा राहून एवढेच म्हणाला, "भाऊ, मी खोटं सांगत नाही, एवढं फक्त पाहून द्या."

मी स्कॅनर लावला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, तिथे तो जोडतात. कोड निघाला पी २१३८. त्याचा अर्थ, पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही. मंडळी, इथेच बहुतेक ठिकाणी काम संपते. कोडमध्ये पेडलचे नाव आले ना, मग पेडल बदला. पण कोड नीट वाचा. पेडल खराब आहे असे तो म्हणत नाही. दोन साक्षी जुळत नाहीत, एवढेच म्हणतो. साक्ष पेडलपासून ईसीएमपर्यंत येते. वाटेत कपलर आहे, वायर आहे, अर्थिंग आहे, जोड आहेत. निरोप चुकला तर चूक सांगणाऱ्याची की मधल्या वाटेची, हे कोड सांगत नाही. कोड म्हणजे पोलिस ठाण्यात लिहिलेली तक्रार. निकाल नव्हे.

म्हणून मी पहिल्यांदा प्रश्नाचे दोन भाग केले. स्कॅनरच्या पडद्यावर पेडलचा आकडा चालू ठेवून पाय हळूहळू दाबायचा. पडद्यावर शून्यापासून शंभरपर्यंत सरळ चढला आणि तरी इंजिन उठले नाही, तर पेडल निर्दोष आहे. मग पुढे पाहायचे. टर्बोचा पाइप फाटला आहे का, डिझेल फिल्टर तुंबला आहे का, डिझेलचा दाब तयार होतो का, बीएस-६ गाडी असेल तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर भरला आहे का. पण पडद्यावर आकडाच नीट चढला नाही, तर पुढचे इंजिन खोलण्याची गरज नाही, दोष मागे आहे. या एका तपासणीने अर्धी गाडी बाजूला ठेवता येते. विहिरीतून पाणी येत नसेल तर आपण आधी पाहतो ना, मोटार फिरते की नाही? फिरत असेल तर पाइप पाहायचा, नसेल तर वीज पाहायची. तेच.

या गाडीत उभ्या जागी दोन्ही आकडे बरोबर होते. पाय वर असताना ०.७२ आणि ०.३६. हळूहळू दाबले तर दोन्ही मेळाने चढत होते. म्हणजे उभी असताना गाडी निरोगी. मग जिथे दुखते तिथे दाबून पाहायचे. मी माझ्या पोराला आत बसवले, नजर पडद्यावर ठेवायला सांगितली, आणि पेडलच्या कपलरपासून वायरिंग हाताने हळूहळू हलवत, ओढत इंजिनच्या बाजूला आलो. पेडलपाशी काही नाही. डॅशबोर्डखाली काही नाही. केबिन आणि इंजिन यांच्या मधल्या पत्र्यातून वायरिंग बाहेर येते, तिथे रबराचे बूच असते. त्याच्या पुढे हाताने थोडे ओढले, तसा आतून आवाज आला, "पप्पा, खालचा उडाला!" पाय वर असतानाच दुसरा सिग्नल ०.३६ वरून ०.८२ वर गेला होता. पहिला होता तिथेच.

सर, आता पुढचा भाग तुमचा आहे. सिग्नल वाढला, पण पूर्ण ५ व्होल्टवर गेला नाही. सिग्नलची वायर तुटली असती तर तो असा मधल्या आकड्यावर थांबला नसता. मग वाढला कशाने? रिओस्टॅटच्या खालच्या टोकाला, म्हणजे अर्थिंगच्या वाटेत, नको असलेला अवरोध आला, तर खालचे टोक शून्यावर राहत नाही, उचलले जाते. आणि त्याच्यावर उभा असलेला सिग्नलही उचलला जातो. नदीला पूर आला की ओट्याबरोबर ओट्यावरचा माणूसही उंच दिसतो, तसे. म्हणून कपलर न काढता, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून, मल्टीमीटरची एक तार दुसऱ्या सेन्सरच्या अर्थिंगला लावली आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. चावी चालू. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला. वायरिंग ओढले, तर अर्धा व्होल्ट. चोर सापडला.

रबरी बूच काढून टेप सोडली. वायरिंग धरून ठेवणारी क्लिप तुटलेली होती, त्यामुळे सगळा भार बुचाच्या कडेवर येत होता. अर्थिंगच्या त्या वायरचे वरचे प्लास्टिक घासले होते, आत पाणी गेले होते, तांबे हिरवे पडले होते. बरेचसे तंतू तुटले होते, दोनचार टिकून होते. आता सगळ्या गोष्टी जुळतात का बघा. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असते. माल भरून चढ चढताना किंवा खड्ड्यात आपटताना ते झुकते, वायरिंग ओढते, आणि ते दोनचार तंतू सुटू लागतात. रिकाम्या गाडीत तेवढी ओढ बसत नाही. आणि पेडल बदलल्यावर आठ दिवस गाडी कशी चालली? नवीन पेडल बसवताना कपलर ओढला गेला, वायरिंग थोडे सरकले, तंतू पुन्हा जागेवर आले. गाडी चालली ती पेडलमुळे नाही, हात लागल्यामुळे. काढलेली दोन्ही पेडले नंतर मी मीटर लावून पाहिली. दोन्ही चांगली होती.

वायरचा खराब तुकडा कापला, नवा जोडला, डाग दिला, वर स्लीव्ह तापवून बसवली, नवे बूच आणि नवी क्लिप लावली, वायरिंगला थोडी ढील ठेवली. सामान दीडशे रुपयांच्या आत. मग कोड पुसला आणि गाडी रिकामी नाही, माल भरून फिरवायला सांगितली. कारण आजार भरल्या गाडीचा होता, तर परीक्षाही भरल्या गाडीचीच हवी.

संध्याकाळी मालकाला बोलावले. पडद्यावरचा आकडा त्याच्यासमोर चार वेळा उडवून दाखवावा म्हणून कापलेला वायरचा तुकडा मी पुन्हा तात्पुरता जोडून ठेवला होता. मालक माणूस भला. बराच वेळ पाहत राहिला, मग ड्रायव्हरला म्हणाला, "तुझे कापलेले पैसे या महिन्यात देतो." तो पोरगा काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून मला पटले आहे की आमच्या धंद्यात मोजमाप ही फक्त यंत्राची गोष्ट नाही. मोजले नाही की दोष कुणावर तरी ढकलावाच लागतो, आणि तो नेहमी सर्वांत गरीब माणसावर जातो.

इथे बऱ्याच जणांच्या घरी पिकअप आहे, म्हणून कामाच्या चारदोन गोष्टी सांगतो. गॅरेजला नेण्याआधी तुम्हीच पाहू शकता.

पहिली, पायाखालची चटई. हसू नका. अमेरिकेत २००९-१० साली टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून फार मोठा गदारोळ झाला. शेवटी नासाच्या अभियंत्यांना तपासाला बसवले. त्यांनी दहा महिने तपास केला, २०११ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. मोठ्या वेगाच्या त्या घटनांना कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. चटईत अडकणारे पेडल आणि चिकटणारे पेडल, ही दोन कारणे पुढे आली. काही जुन्या प्रकारच्या पेडल सेन्सरमध्ये कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढलेले मात्र सापडले. अवकाशात यान पाठवणाऱ्या लोकांनाही शेवटी चटईखाली पाहावे लागले, तर आपल्याला लाज कसली? आपल्याकडे पेडलखाली माती, केळीच्या पानाचा चुरा, पाण्याची बाटली, काहीही असते. आधी ते काढा.

दुसरी, ब्रेकचा स्विच. ब्रेक आणि एक्सिलेटर एकदम दाबलेले दिसले तर बऱ्याच गाड्यांत ईसीएम ब्रेकचे ऐकतो, रेस देत नाही. ब्रेकचा स्विच अडकला तर ईसीएमला वाटते की पाय कायम ब्रेकवर आहे. संध्याकाळी कुणाला तरी मागे उभे करा. ब्रेक न दाबता मागचे लाल ब्रेक दिवे पेटलेले असतील, तर दुखणे तिथे असू शकते. पेडल बदलू नका.

तिसरी, बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगचे जोड. ढिले असतील, पांढरी बुरशी धरली असेल, तर ईसीएमला वेडेवाकडे आकडे दिसू लागतात. आणि उंदीर. शेतात, झाडाखाली गाडी उभी राहिली की उंदीर वायरिंगमध्ये शिरतो. एकदा बॉनेट उघडून बघायला काय जाते?

चौथी, गाडी धुताना प्रेशरचे पाणी कपलरवर आणि डॅशबोर्डखाली मारू देऊ नका. आणि वायर तपासायला कुणी टाचणी टोचू लागला तर त्याचा हात धरा. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी जाते आणि सहा महिन्यांनी तांबे हिरवे होते. तसेच ईसीएमच्या वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू देऊ नका. बल्ब जास्त करंट ओढतो, त्याने सर्किट जळू शकते. तिथे मल्टीमीटरच हवा.

आणि पाचवी सर्वांत महत्त्वाची. दोन सिग्नल एकत्र जोडून किंवा मध्ये काही लावून ईसीएमला फसवून देतो, असे कुणी म्हणाला तर गाडी तिथून काढा. सुतळीचे दिवस गेले. सुतळी आपल्या हातात होती, सोडली की रेस जायची. इथे साक्षीदारच विकत घेतला तर गाडी थांबवायला कुणी उरत नाही. मध्येच रेस जाऊ लागली तर इंडिकेटर द्या, कडेला घ्या, घाईघाईने ओव्हरटेक करू नका. माल उशिरा गेला तर भाव पडतो. तेवढेच.

शेवटी थोडे आपल्या शाळेबद्दल. दहावीनंतर मी आयटीआयला गेलो तेव्हा गावात एक समज होता, आजही आहे, की ज्याला अभ्यास जमत नाही तो गॅरेजला जातो. तुम्हाला खरे सांगतो, आज माझ्याकडे येणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा पाना देत नाही, मल्टीमीटर देतो. आणि विचारतो, "ओहमचा नियम माहीत आहे का?" तो म्हणतो, "परीक्षेपुरता." तोच तर अडथळा आहे. पोरे हुशार आहेत, हात चांगले आहेत. पण व्होल्ट, अँपिअर आणि ओहम हे शब्द त्यांनी फळ्यावर पाहिले आहेत, वायरमध्ये पाहिलेले नाहीत. मग स्कॅनर जे नाव दाखवेल ते सामान ते बदलतात. गाडी शिकली, आणि मेस्त्री मागे राहिला, तर पुढच्या दहा वर्षांत आपल्या तालुक्यातले छोटे गॅरेज उरणार नाही. मग केळीने भरलेली गाडी टोइंगने भुसावळला किंवा जळगावला न्यावी लागेल. हे मला बघायचे नाही.

सर, ओहम स्वतः शाळामास्तर होता, हे मला फार उशिरा समजले. जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा, शाळेच्याच प्रयोगशाळेत तारा जोडून मोजत बसायचा. १८२७ साली त्याने आपले पुस्तक छापले. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाने मोजून ठेवलेल्या गोष्टीवर आज आमचे पोट चालते. आणि ती गोष्ट माझ्यापर्यंत आणली ती तुम्ही. रिओस्टॅटचा खटका सरकवताना तुम्ही आम्हाला विचारायचात, "बल्ब का मंद झाला? आधी सांगा, मग पाहा." आधी अंदाज, मग मोजणी. आमच्या धंद्याचे सगळे शिक्षण त्या एका वाक्यात आहे.

म्हणून माझा एक छोटा प्रस्ताव आहे. मल्टीमीटर काही शे रुपयांत येतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दहा मल्टीमीटर मी देतो. आणि त्या पिकअपच्या मालकाने मला काढलेले एक चांगले पेडल दिले आहे. ते मी लाकडी फळीवर बसवले आहे. चार पेन्सिल सेल लावले की चालते. ईसीएमचे ५ व्होल्ट तिथे थोडे जास्त होतात, म्हणून मधे एक छोटा रेग्युलेटर टाकला आहे. मुलाने पेडल दाबायचे, दोन मीटरवर दोन आकडे वाचायचे, आणि दुसरा पहिल्याच्या निम्मा येतो का ते वहीत लिहायचे. मग अर्थिंगच्या वाटेत मी एक खटका ठेवला आहे. तो दाबला की मधे अवरोध येतो आणि दुसरा आकडा उडतो. का उडाला, ते मुलांनी शोधायचे. उत्तर मी फळीच्या मागे लिहिलेले नाही.

फळी बाहेर व्हरांड्यात टेबलावर ठेवली आहे. चहाच्या वेळी सर्वांनी दाबून पाहा. शाळेने परवानगी दिली तर महिन्यातल्या एका रविवारी मी दोन तास येईन. आपल्यातल्या ज्यांना वीज, मोबाइल, पंप, सोलर यांतले काही येते त्यांनी एकेक रविवार घ्यावा. पैसे गोळा करून कमान बांधायला माझा विरोध नाही, माझीही वर्गणी घ्या. पण कमानीखालून आत जाणाऱ्या पोराच्या हातात एक मीटर असू द्या, एवढीच विनंती.

 ज्याच्या गाडीवरून हा विषय निघाला त्या मित्राला सांगतो, भो, उद्या सकाळी नऊला गाडी घेऊन ये. माल भरून आण.

जय हिंद, जय महाराष्ट्र.